नियम आधी, अकरावी नंतर

महाविद्यालयीन प्रवेशाची चर्चा आपल्या देशात दरवर्षी जून महिन्यात सुरू होते आणि ऑगस्टअखेर विरते. गुणवत्ता याद्या, प्रवेशाच्या फेऱ्या, रिक्त जागा, न्यायालयातील याचिका, अशी तिची ठरलेली वाटचाल असते. परंतु बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रवेशाचा निम्माअधिक निर्णय त्याच्या दोन वर्षे आधी, अकरावीत नाव घालतानाच, होऊन गेलेला असतो. कोणते विषय घेतले, कोणत्या राज्यातील शाळेत प्रवेश घेतला आणि कोणते दाखले काढले किंवा काढायचे राहिले, या तीन गोष्टी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने व त्याच्या पालकांनी त्या वेळी ठरवलेल्या असतात. पुढे बारावीनंतर हाती पडणारी माहितीपुस्तिका त्या निर्णयांचे परिणाम काय झाले, एवढेच त्यांना कळवते.

माझा आक्षेप नियमांच्या कडकपणाला नाही. जागा थोड्या आणि इच्छुक फार, तेथे कडक नियम असणारच. आक्षेप आहे तो वेळेला. शासन ज्या नियमाने विद्यार्थ्याला बारावीनंतर बांधते, तो नियम त्याला अकरावीच्या आधी, त्याच्या शाळेत, त्याच्या भाषेत सांगण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घेतलेले नाही. हे बंधन नसल्याची झळ जागरूक, इंग्रजी जाणणाऱ्या आणि शिकवणीवर्गाचे शुल्क भरू शकणाऱ्या कुटुंबाला फारशी लागत नाही. ती लागते ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे त्यांना. आणि त्यांच्या बरोबरीने, ज्यांची बिऱ्हाडे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलतात त्यांना. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना यातील दुसरा वर्ग परका नाही.

विषयांपासून सुरुवात करू. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमासाठी बारावीला आणि प्रवेश परीक्षेत गणित असावे लागते. अकरावीत वाणिज्य शाखा घेऊन गणित सोडणाऱ्या मुलीला हे त्या वेळी कोण सांगते? तिच्या शाळेत बहुधा कोणीच नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीयूईटी, २०२२ साली आली. २०२५च्या परीक्षेपासून बारावीला कोणतेही विषय असले तरी सीयूईटीत वाटेल ते विषय निवडता येतील, असे जाहीर झाले. वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. पण त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाची अट कायम होती, की बारावीला जे विषय आहेत त्यांचीच परीक्षा प्रवेशासाठी धरली जाईल. परीक्षा घेणारी संस्था एक दार उघडते आणि प्रवेश देणारी संस्था आतले दार बंद ठेवते. दोन्ही संस्था केंद्र शासनाच्याच आहेत. या दोन वाक्यांतील विसंगती दोन वेगवेगळ्या इंग्रजी पुस्तिकांत वाचून शोधून काढण्याची जबाबदारी मात्र सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यावर येऊन पडते.

राज्याचा प्रश्न याहून बिकट आहे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये, ज्यांना आपण एनआयटी म्हणतो, निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. विद्यार्थ्याचे राज्य कोणते, हे त्याच्या मातृभाषेवरून, जन्मस्थानावरून किंवा वडिलांच्या अधिवासावरून ठरत नाही. तो बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला यावरून ठरते. अमरावतीचा मुलगा शिकवणीसाठी कोट्याला गेला आणि तेथल्याच शाळेतून बारावी झाला, की या प्रक्रियेच्या लेखी तो राजस्थानचा होतो. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत, म्हणजे महाराष्ट्रातील एकमेव एनआयटीत, तो परराज्यातला उमेदवार ठरतो. काहींना यातून लाभही होत असेल. पण हा बदल आपण करत आहोत याची जाणीव तरी त्यांना असायला हवी. तोच मुलगा वैद्यकीय शाखेकडे वळणारा असेल तर नुकसान फार मोठे आहे, कारण महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट आहे. कोट्याच्या वर्गात बसून नाव गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ठेवण्याची जी पळवाट सर्रास वापरली जाते, तिचे एक कारण हेही आहे. पळवाटेची माहिती घरोघरी पोचते आणि नियमाची पोचत नाही, हे प्रशासनाला भूषणावह नव्हे.

आता बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. वडील खासगी कारखान्यात, मुक्काम बडोदे. मुलगी दहावी तेथेच झाली. मग कंपनीने वडिलांना पुण्यास धाडले आणि अकरावी-बारावी पुण्यात झाली. गुजरातचा नियम दहावी आणि बारावी दोन्ही गुजरातेतून मागतो. महाराष्ट्राचा नियम दोन्ही महाराष्ट्रातून मागतो. मुलगी दोन्ही राज्यांच्या ८५ टक्क्यांबाहेर पडली. तिच्यासाठी राहिल्या त्या अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागा, एम्ससारख्या केंद्रीय संस्था आणि ज्यांचे शुल्क ऐकूनच मध्यमवर्गीय पालक खुर्चीत बसतो अशी अभिमत विद्यापीठे व खासगी महाविद्यालये. हीच मुलगी अभियांत्रिकीला गेली असती तर वडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवासावर तिला राज्याच्या जागांसाठी पात्र धरले गेले असते, कारण तंत्रशिक्षणाच्या नियमांत तसा स्वतंत्र प्रवर्ग आहे. एकाच राज्याचे शासन, एकच मुलगी, आणि दोन खात्यांची तिच्याविषयी दोन मते!

अन्य राज्यांतही हीच तऱ्हा. दिल्लीच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर अकरावी आणि बारावी दोन्ही दिल्लीच्या शाळेतून व्हावी लागते. कर्नाटकात पहिली ते बारावीपैकी सात पूर्ण वर्षे राज्यात शिकल्याची अट आहे. तेलंगणाने बारावीपर्यंतची सलग चार वर्षे राज्यातच शिकण्याची अट घातली आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे हैदराबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला डॉक्टरकीचा विचार नववीत करणे भाग आहे. अशा अटी घटनेत बसतात की नाहीत, हा वाद १९८४च्या प्रदीप जैन खटल्यापासून चालू आहे. अखिल भारतीय कोटा त्याच खटल्याचे अपत्य होय. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील अधिवासाचे आरक्षण न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये घटनाबाह्य ठरवले, पदवीपूर्व प्रवेशात ते चालू आहे. तो वाद न्यायालयांनी सोडवावा. माझा प्रश्न साधा आहे. जी अट नववीपासून लागू होते, ती नववीच्या पालकसभेत का सांगितली जात नाही?

या संदर्भात माझ्या सहकाऱ्यांना न रुचणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या नियमांना अपवाद आहेत, आणि ते कोणासाठी आहेत हे पाहण्यासारखे आहे. केंद्र शासनाचे कर्मचारी, राज्य शासनाचे कर्मचारी, सैन्यदलातील जवान व अधिकारी यांच्या मुलांना महाराष्ट्राच्या नियमांत विविध अटींवर सवलत आहे. तेलंगणाच्या नियमांतही शासकीय सेवेमुळे राज्याबाहेर राहावे लागलेल्यांच्या मुलांचा विचार केलेला आहे. बदलीने मुलांचे शिक्षण विस्कटते हे नियम लिहिणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते, म्हणून त्यांनी स्वतःपुरती सोय केली. जवानाच्या मुलाला सवलत मिळालीच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही. पण खासगी कारखान्यातला जोडारी, बांधकामावरचा मुकादम, औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी यांच्याही बदल्या होतात. त्यांची बदली कोणत्याही नियमावलीत बसत नाही, कारण नियमावली लिहिणाऱ्या खोलीत त्यांच्यापैकी कोणी नसते.

दाखल्यांचे प्रकरण तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे दोनच मुद्दे. अनुसूचित जाती-जमातींचा आरक्षणाचा लाभ स्थलांतरिताला नव्या राज्याच्या कोट्यात मिळत नाही, हे १९९०च्या मारी चंद्रशेखर राव खटल्यापासून ठरलेले आहे. भिलाईत वाढलेल्या मराठी दलित मुलाला केंद्रीय संस्थांत आरक्षण आहे, छत्तीसगडच्या राज्य कोट्यात ते धरून चालता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या कोट्यात यायचे तर अधिवास व शिक्षणाच्या अटी वर सांगितल्याप्रमाणे. शिवाय महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी कुटुंबाचे महाराष्ट्रातील वास्तव्य सिद्ध करावे लागते, ते अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे. म्हणजे आजोबांच्या, क्वचित पणजोबांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा. तो उतारा तालुक्याच्या गावी, कसर लागलेल्या कपाटात असतो. तो मिळवून पडताळणी समितीपुढे ठेवायला आठ दिवसांची रजा पुरत नाही. हे काम अकरावीच्या वर्षात सुरू झाले तर बारावीनंतर प्रमाणपत्र हाती असते. शासनाला प्रमाणपत्रे सादर करण्यासाठी पुनःपुन्हा मुदतवाढ द्यावी लागली आहे. ती मुदतवाढ म्हणजे माहिती वेळेवर न पोचल्याची शासनानेच दिलेली कबुली आहे.

दुसरा मुद्दा उलट दिशेचा. काही दाखले फार लवकर काढून चालत नाहीत. आयआयटी आणि एनआयटीच्या संयुक्त प्रवेशप्रक्रियेत इतर मागास वर्गाचे नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षातील १ एप्रिल रोजी किंवा त्यानंतर दिलेले असावे लागते. तत्परतेने जानेवारीत काढून ठेवलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरतो. तसेच केंद्रीय संस्थांसाठी इतर मागास वर्गांची केंद्रीय यादी धरली जाते. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्रीय यादीतही असेलच असे नाही. महाराष्ट्रातील मराठा समाजाला राज्याने दिलेले एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू होत नाही, हे ज्ञान अनेकांना अर्ज भरताना होते.

येथवर सांगितलेले नियम निदान स्थिर म्हणता येतील असे आहेत. काही नियम तर वर्षाच्या मध्यावर बदलतात. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेसाठी दोनऐवजी तीन संधी जाहीर झाल्या. १८ नोव्हेंबरला त्या पुन्हा दोन झाल्या. त्या तेरा दिवसांत ज्या मुलांनी तिसऱ्या संधीच्या भरवशावर आपले चालू अभ्यासक्रम सोडले, त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायालयाने त्यांच्यापुरती नोंदणीची मुभा दिली. त्याच जानेवारीच्या अखेरीस जाहीर झाले, की नीट परीक्षेतील ऐच्छिक प्रश्नांचा भाग रद्द होऊन १८० प्रश्न सक्तीचे राहतील. परीक्षा होती ४ मे रोजी. ऐच्छिक प्रश्नांची सवलत कोविडच्या काळातली होती आणि ती काढून घेणे गैर नव्हते. पण ती काढण्याला अशी कोणती तातडी होती, की दोन वर्षे एका स्वरूपाची तयारी केलेल्या मुलांना जेमतेम तीन महिने आधी सांगावे? नोकरभरतीत खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये तेज प्रकाश पाठक खटल्यात पुन्हा बजावले. पंचविशीतल्या उमेदवाराला जे संरक्षण आहे ते सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला नसावे, याचे समर्थन कोणी करून दाखवावे.

अमेरिकेतील पद्धतीचे मी गोडवे गाणार नाही. तेथील महाविद्यालयीन शिक्षणाचे कर्ज आणि वशिल्याचे प्रवेश सर्वांना माहीत आहेत. पण दोन बाबी नोंदवण्याजोग्या आहेत. तेथे अकरावीचे वर्ष हेच महाविद्यालय शोधण्याचे वर्ष मानले जाते आणि शाळेत त्यासाठी समुपदेशकाचे पद असते. दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा अशी त्यांच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. ती सर्वत्र पाळली जात नाही, पण शिफारस आहे म्हणून तुटवडा मोजता तरी येतो. आणि एसएटी ही परीक्षा कागदावरून संगणकावर नेण्याचा निर्णय जानेवारी २०२२मध्ये जाहीर होऊन अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी तो २०२४च्या वसंतात अमलात आला. दोन वर्षांची पूर्वसूचना एका खासगी संस्थेला देता येते.

यावर आमच्याकडील ठरलेले उत्तर असे, की सर्व माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. हे उत्तर मी अनेक बैठकांत ऐकले आहे. २०२१-२२च्या अखिल भारतीय पाहणीनुसार देशात ११६८ विद्यापीठे आणि ४५ हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत. त्यांची माहिती शेकडो संकेतस्थळांवर, बहुतांशी इंग्रजीत आणि मागील वर्षाच्या पुस्तिकांसह विखुरलेली आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यातील चौथे कलम केवळ माहिती ठेवण्यास सांगत नाही. जनतेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती आपणहून प्रसिद्ध करावी आणि ती पोचवताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे ते सांगते. प्रवेशाच्या नियमांइतका जनतेवर परिणाम करणारा दुसरा निर्णय कोणता?

दुसरे उत्तर खर्चाचे. प्रत्येक शाळेत समुपदेशक नेमायचा तर पैसा कोठून आणायचा? प्रश्न खरा आहे, कारण निवडणूक आणि जनगणना यांतून मोकळा झालेला शिक्षकच आज हे काम करील तर करील. परंतु नियम दोन वर्षे गोठवण्याला पैसा लागत नाही. नववीत असलेल्या मुलांना पुढे कोणत्या अटी लागू होतील, याचे प्रत्येक राज्याने आणि केंद्राने आपापल्या भाषेत एकेक परिपत्रक काढून ते शाळांच्या फलकावर लावण्याला फार तर कागद लागतो. त्यानंतर होणारा कोणताही बदल, आपत्ती किंवा न्यायालयाचा आदेश वगळता, त्या वेळी अकरावीत प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून लागू व्हावा. एवढे केले तरी माझी निम्मी तक्रार मिटेल. शासन हे करत नाही तोवर ती माहिती विकणारे आहेतच. जानेवारी २०२४मध्ये केंद्राने शिकवणीवर्गांना सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे मार्गदर्शक सूत्र घालून दिले. पण त्या वयाच्या मुलाने प्रश्न विचारायला दुसरीकडे कोठे जावे, याची व्यवस्था त्याबरोबर केली नाही.

परराज्यांतील महाराष्ट्र मंडळांना या बाबतीत शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांतील एक संध्याकाळ आठवी-नववीच्या पालकांसाठी ठेवावी. मंडळात कोणी निवृत्त प्राध्यापक, कोणी वकील, कोणी नुकताच या प्रक्रियेतून गेलेला विद्यार्थी असतोच. आपण राहतो त्या राज्याची आणि महाराष्ट्राची अट शेजारी शेजारी लिहून काढावी: किती वर्षांचे शिक्षण, कोणत्या परीक्षा, कोणाचा अधिवास, कोणते अपवाद. बेळगाव-निपाणीकडील वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या नियमांत वेगळी तरतूद आहे. ती आपल्या अभ्यासक्रमाला कशी लागू होते हे अकरावीपूर्वी पाहून घ्यावे. परदेशस्थ वाचकांपैकी ज्यांची मुले ओसीआय कार्डधारक आहेत त्यांनी कार्डावरील तारीख पाहावी. ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेने अशा मुलांना भारतीय नागरिकांसाठीच्या जागांतून वगळून अनिवासी भारतीयांच्या पंक्तीत बसवले. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना त्यातून सूट दिली. आणि ज्यांना जात वैधता लागणार आहे त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना आजोबांच्या शाळेचे नाव आणि ते कोणत्या साली पहिलीत गेले, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्यावे.